वेबसाइटचा मजकूर कसा लिहावा: गोव्यातल्या लहान व्यावसायिकांसाठी टप्प्याटप्प्याने

गोव्यातल्या होमस्टेंची, काजूवाल्यांची, केटरिंगवाल्यांची पाच-सहा पाने उघडून पाहा. 'निसर्गाच्या सान्निध्यात', 'घरगुती वातावरण', 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय'. वरचे नाव झाकले तर पान कोणाचे ते मालकालाही सांगता येणार नाही. एवढे वाचूनही गिऱ्हाइकाला फोन करावाच लागतो: गाडी दारापर्यंत येते का, भाडे किती, सोमवारी मासे मिळतात का.

बहुतेकांचे चुकते ते क्रमात. वेबसाइट बनवणारा आधी साचा दाखवतो. त्यात वर मोठा मथळा, खाली तीन चौकोन, मग 'आमच्याविषयी'. मालक मथळ्यापासून भरायला बसतो, आणि सांगण्यासारखे काही गोळाच केलेले नसल्यामुळे विशेषणे भरतो. खालचा क्रम उलटा आहे. मथळा त्यात जवळजवळ शेवटी येतो.

उदाहरणासाठी दोन व्यवसाय धरू: फोंडा तालुक्यातल्या मंगेशीच्या देवळाजवळ राहत्या घरात चार खोल्या देणारा होमस्टे, आणि सत्तरी तालुक्यातला काजू घरपोच पाठवणारा विक्रेता. दोघांचे बरेच गिऱ्हाईक कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगावचे आणि मराठी वाचणारे आहे.

## टप्पा १: गिऱ्हाइकाचे प्रश्न गोळा करा

सर्वांत जास्त वेळ इथे घालवा. बाकीचे टप्पे यावरच उभे आहेत.

व्यवसायाच्या फोनवरचे व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या हंगामातले संदेश मागे जात वाचा. अनोळखी माणसाने विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा, त्याच्याच शब्दांत. भाषा साफ करू नका. कुलदैवताला येणारी कुटुंबे होमस्टेला साधारण असे विचारतात:

'आईचे गुडघे दुखतात, जिने किती आहेत?'
'अभिषेकाला सकाळी लवकर जायचंय, तेवढ्यात चहा मिळेल ना?'
'गाडी पहाटे मडगावला पोचते. तेव्हाच खोली मिळेल की बारा वाजेपर्यंत थांबायचं?'
'आमचा ड्रायव्हर कुठे झोपेल?'
'कांदा-लसूण चालत नाही, वेगळं करून द्याल का?'

यातला ड्रायव्हरचा प्रश्न पाहा. गाडी भाड्याने करून येणारे कुटुंब तो हमखास विचारते, आणि त्याचे उत्तर क्वचितच एखाद्या पानावर असते. तुमच्याकडे मागच्या पडवीत पलंग, पंखा आणि वेगळे न्हाणीघर असेल, तर ते एक वाक्य 'आपुलकीची सेवा' अशा दहा वाक्यांपेक्षा जास्त खोल्या भरेल.

व्हॉट्सॲप झाले की गूगल नकाशावरचे अभिप्राय वाचा. आपले वाचाच, शेजारच्यांचेही वाचा. दुसऱ्याच्या पानाखाली कोणी 'पार्किंग आहे असं लिहिलं होतं, प्रत्यक्षात गाडी रस्त्यावर लावावी लागली' असे लिहिले असेल, तर पार्किंगबद्दल नेमके लिहिणे तुमच्याकडे आले.

मग प्रश्नांचे दोन गठ्ठे करा. एक, ठरवण्याआधीचे: दर, जागा, जेवण, वयस्कर माणसे, नियम. दुसरा, ठरवल्यानंतरचे: रस्ता, वेळा, पैसे कसे द्यायचे. पहिला गठ्ठा मुख्य पानावर जाईल, दुसरा आतल्या पानांवर.

थांबा, तपासा: वहीतले प्रश्न टेबलाशी बसून सुचलेले असतील, तर ते गिऱ्हाइकाचे नव्हेत. घरात फोन उचलणाऱ्या माणसाकडून यादी वाचून घ्या. मालकिणीला, काउंटरवरच्या मुलाला जे माहीत असते ते मालकाला पुष्कळदा माहीत नसते.

## टप्पा २: प्रत्येक उत्तरामागचे तथ्य पक्के करा

आता प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर लिहा, पण वाक्य सजवू नका. आकडा, वेळ, नाव, अंतर एवढेच. गोव्यात या टप्प्यावर ठरावीक ठिकाणी घसरायला होते.

'विमानतळापासून ४५ मिनिटे.' कोणत्या? दाबोळी मुरगाव तालुक्यात आहे आणि जानेवारी २०२३पासून वाहतूक सुरू झालेला मोप्याचा मनोहर विमानतळ पेडण्यात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. नाव न लिहिल्यास पाहुणा स्वस्त तिकीट पाहून मोप्याला उतरतो आणि टॅक्सीचे भाडे ऐकून तुमच्यावर चिडतो. दोन्हींची वेळ वेगवेगळी लिहा.

'रेल्वे स्टेशन जवळ.' हेही तसेच. मंगेशीला करमळी जवळ पडते, पण कोकण रेल्वेच्या सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत; पुष्कळांना मडगावलाच उतरावे लागते. उत्तर गोव्यातल्या व्यावसायिकांसाठी थिवी. स्टेशनचे नाव, अंतर आणि टॅक्सीचा अंदाजे खर्च असे तिन्ही द्या.

पत्त्यात जुना जिल्हा. फोंडा तालुका २०१५ साली उत्तर गोव्यातून दक्षिण गोवा जिल्ह्यात गेला. तरी कित्येक पानांवर अजून 'उत्तर गोवा' आहे, कारण मजकूर जुन्या माहितीपत्रकावरून उचललेला असतो.

कागदपत्रेही याच वेळी समोर घ्या. गोव्यात पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तो क्रमांक पानावर द्या. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे व्यवसायाचे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कोणाकडे करायची ते दाखवावे लागते. वकिली भाषेची गरज नाही, माहिती मात्र पूर्ण हवी.

काजूवाल्याने या टप्प्यावर जास्त जपावे. गोव्यातल्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले. पण तेवढ्यावरून प्रत्येक पाकिटाच्या पानावर 'जीआय काजू' लिहिता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. शिवाय इथल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेल्या काजूबियाही फोडल्या जातात. माल तसा असेल तर 'गोव्यात फोडून भाजलेला' लिहा. 'गोव्यात पिकलेला' हे इथल्या बागेतल्या मालालाच लिहायचे. 'सेंद्रिय' या शब्दालाही तोच न्याय: प्रमाणपत्र हातात असेल तर लिहा, नसेल तर 'खत-फवारणी न करता' एवढेच, आणि तेही खरे असेल तरच.

सावधान: मालकालाच ज्याची खात्री नाही ते वाक्य या टप्प्यावर खोडा. पुढे मजकूर छान जमला की ते काढायला हात धजत नाही.

## टप्पा ३: प्रत्येक पानाला एक काम द्या

पान वाचून झाल्यावर वाचकाने काय करावे, हे एका ओळीत लिहून कागद भिंतीला चिकटवा. 'तारीख सांगून व्हॉट्सॲप करावे.' 'अर्धा किलोची मागणी नोंदवावी.' एका पानाला एकच.

चार खोल्यांच्या घराला चार पाने पुरतात: मुख्य, खोल्या आणि दर, जेवण आणि नियम, कसे यावे. 'आमचे ध्येय' आणि 'आमची दृष्टी' या पानांची गरज नाही. घराण्याचा इतिहास सांगायचाच असेल, तर 'खोल्या'च्या पानावर शेवटी चार ओळी.

भाषेचा निर्णयही इथेच करा. मराठी पान हवे असेल तर ते मराठीतच लिहायला बसा. इंग्रजी पान यंत्रातून काढून चढवू नका. वाचकाला 'तुम्ही' म्हणायचे की 'आपण', ते ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मला 'तुम्ही' बरे वाटते. 'आपण' लिहिले की दोन ओळींत लेखणी 'सहर्ष स्वागत'कडे वळते.

इथले बोलीतले शब्द अवश्य वापरा, पण ओळखीचा शब्द लगेच जोडून: 'घरामागे कुळागर आहे, सुपारी-मिरीची बाग.' पुण्याच्या वाचकाला एवढे पुरते.

## टप्पा ४: पहिला परिच्छेद लिहा

लोक वेबसाइट पुस्तकासारखी वाचत नाहीत. वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १००तले ७९ जण नव्या पानावर नुसती नजर फिरवत होते, शब्दन् शब्द वाचणारे १६ होते. मोबाइलवर तर पहिल्या पडद्यात चार-पाच ओळीच दिसतात. तिथे स्वागत केले की त्या ओळी वाया गेल्या.

होमस्टेच्या पानावर सहसा असे असते:

> निसर्गरम्य गोव्याच्या कुशीत वसलेल्या आमच्या होमस्टेमध्ये आपले सहर्ष स्वागत! अत्याधुनिक सोयींनी युक्त प्रशस्त खोल्या, चविष्ट घरगुती जेवण आणि आपुलकीची सेवा ही आमची खासियत. एकदा अवश्य भेट द्या!

आता टप्पा १ची वही उघडा. ठरवण्याआधीच्या गठ्ठ्यातले सर्वांत जास्त वेळा आलेले पाच प्रश्न घ्या आणि त्यांची उत्तरे सलग लिहा:

> मंगेशीच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर, आमच्या राहत्या घरातल्या चार खोल्या. दोन खोल्या तळमजल्यावर आहेत, वयस्कर माणसांना जिना चढावा लागत नाही. पहाटे साडेपाचपासून चहा मिळतो. जेवण शाकाहारी, मासे हवे असतील तर आदल्या रात्री सांगा, सोमवारी करत नाही. दोघांच्या खोलीचे एका दिवसाचे भाडे नाश्त्यासह २,२०० रुपये.

पहिल्या वाक्यात देवळाचे नाव आणि चालायची वेळ आहे, त्यामुळे कुलदैवताला येणारा वाचक लगेच ओळखतो की हे पान आपल्यासाठी आहे. 'राहत्या घरातल्या' या दोन शब्दांनी हॉटेलची अपेक्षा संपते. साडेपाचचा चहा ही बारीकशी गोष्ट, पण सकाळच्या अभिषेकाची घाई मालकाला माहीत आहे हे त्यातून कळते. 'आपुलकी' हा शब्द न लिहिता आपुलकी दिसते ती अशी.

सर्वांत महत्त्वाचे वाक्य माशांचे आहे. 'सोमवारी करत नाही' लिहायला मालक घाबरतात. गिऱ्हाईक जाईल असे वाटते. उलट होते. जो माणूस काय मिळणार नाही ते आधी सांगतो, त्याच्या दरावरही वाचक विश्वास ठेवतो. मंगेशीला सोमवारी पालखी असते, त्या दिवशी येणारे बहुतेक पाहुणे शाकाहारी जेवणच मागतात. त्यांना ते वाक्य वाचून बरेच वाटते.

थांबा, तपासा: तुमचा परिच्छेद शेजारच्या होमस्टेच्या पानावर जसाच्या तसा चिकटवून पाहा. तिथेही तो खरा ठरत असेल तर पुन्हा लिहा.

## टप्पा ५: बाकीची पाने भरा

दर. 'दरासाठी संपर्क करा' ही गोव्यातली सर्वांत महागडी ओळ आहे. वाचक संपर्क करत नाही. जिथे आकडा दिसतो तिथे जातो. नाताळ-नववर्षाचे दर वेगळे असतील तर तारखांसह वेगळे लिहा. आकड्यापुढे लगेच सांगा: किती माणसांचा, नाश्ता धरून की सोडून, कर लागतो का, जादा गादीचे किती, आगाऊ रक्कम किती, रद्द केल्यास परत किती.

खोल्या. 'सुसज्ज' काढा. त्या जागी: दोन पलंग, एसी, गिझर, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचालय. पावसात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टरवर काय चालते तेही लिहा. पंखा आणि दिवा चालत असेल आणि एसी चालत नसेल, तर तसेच.

कसे यावे. हे पान स्वतः चालून लिहा. पणजी-फोंडा रस्त्यावर मंगेशीला बस थांबते हे खरे, पण थांब्यापासून पुढे? 'थांब्यावर उतरून देवळाच्या कमानीतून आत या, तळीच्या बाजूने उजवीकडे वळा' अशा, पायाखालच्या खुणा हव्यात. नकाशा कधीकधी गाडी वाड्यातल्या अरुंद वाटेने पाठवतो. मोठी गाडी अडकत असेल तर 'नकाशा डावीकडे दाखवेल, तुम्ही सरळ या' हे ठळक अक्षरांत द्या. मुंबई-पुण्यासारखी ॲपवर दोन मिनिटांत टॅक्सी मिळेल असे धरून पाहुणा येतो, तेव्हा टॅक्सी आधी सांगावी लागते हेही लिहा.

वस्तूचे वर्णन. काजूवाल्याच्या पानावर 'डब्ल्यू ३२०, प्रीमियम' एवढेच असते. व्यापाऱ्याला ते कळते, घरी खाणाऱ्याला नाही. हा आकडा एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात तो. आकडा जितका लहान, गर तितका मोठा. तेव्हा लिहा:

> डब्ल्यू २४० – मोठा अख्खा गर. भेट द्यायला हा घ्या.
> डब्ल्यू ३२० – मध्यम अख्खा गर. रोज खायला आणि भाजी-पुलावाला हाच पुरतो.
> तुकडा – चव तीच, दिसायला अख्खा नाही. बर्फी आणि वाटणासाठी यापेक्षा जास्त पैसे घालू नका.

शेवटचे वाक्य विक्रीच्या विरुद्ध जाते असे वाटेल. पण तुकडा घेणारे गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात पुन्हा तुकडा घेते, आणि दिवाळीला २४० तुमच्याकडूनच मागवते. सालीसकट भाजलेला काजू विकत असाल तर साल काढून खायचा की तसाच, हे जरूर लिहा; बाहेरच्यांना ते माहीत नसते. निव्वळ वजन, कमाल किंमत, पाकीट फोडल्यावर किती दिवस टिकतो आणि पाठवणीचा खर्च हे त्याच पानावर हवे. पाठवणीचा खर्च पैसे देताना अचानक दिसला की माणूस मागणी अर्ध्यावर सोडतो.

सामान्य चुका या टप्प्यावरच्या: एका परिच्छेदात तीन विषय. नियमांना आज्ञेचा सूर: 'दारू पिण्यास सक्त मनाई!!!' यापेक्षा 'घरात देवघर आणि लहान मुले आहेत, म्हणून आवारात दारू चालत नाही' हे जास्त पाळले जाते. आणि दुसऱ्याच्या पानावरून उचललेले वर्णन. ते वाचकाला कळते, शोधयंत्रालाही.

## टप्पा ६: आता मथळा, बटण आणि शोधात दिसणाऱ्या ओळी

सगळे लिहून झाल्यावर मथळा पाच मिनिटांत होतो, कारण त्यात काय घालायचे ते आता समोर आहे. जागा आणि काम आधी, नाव नंतर: 'मंगेशी देवळाजवळ राहण्याची सोय, चार खोल्या'.

गूगलच्या यादीत दिसणारे शीर्षक आणि त्याखालचे वर्णन वेगळे भरावे लागते. यादीत शीर्षक रुंदीप्रमाणे कापले जाते आणि देवनागरी अक्षरे रुंद असतात, म्हणून गावाचे नाव पहिल्या तीन-चार शब्दांतच येऊ द्या. वर्णनात पहिल्या परिच्छेदातली दोन तथ्ये आणि दर पुरेत. पुष्कळ मराठी माणसे शोधताना इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. त्यासाठी गावाचे आणि व्यवसायाचे नाव 'कसे यावे' पानावर इंग्रजी अक्षरांतही एकदा असू द्या.

बटणावर क्रिया लिहा. 'अधिक माहिती' किंवा 'सबमिट' नको. 'तारीख कळवा, व्हॉट्सॲपवर उत्तर देतो' हवे. कधी उत्तर मिळेल तेही खाली लिहा: 'सकाळी ८ ते रात्री ९'.

## टप्पा ७: चढवण्याआधीची तपासणी

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आहे ना? छपाईच्या दुकानातून जुन्या माहितीपत्रकाची फाइल आणली असेल तर ती बहुधा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असते आणि वेबसाइटवर चिकटवली की निरर्थक अक्षरे उमटतात. अशी फाइल बदलून घ्या किंवा नव्याने टाइप करा. मजकुराचे चित्र करून चिकटवणे हा उपाय नव्हे: ते शोधात सापडत नाही, मोबाइलवर बारीक दिसते आणि दृष्टिहीनांच्या वाचकयंत्राला वाचता येत नाही.

मग साधा, स्वस्त मोबाइल घ्या आणि उन्हात अंगणात उभे राहून पान वाचा. काना-मात्रा वरच्या ओळीला चिकटतात का? दोन ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवायला सांगा. दोन्ही कडा जुळवलेला मजकूर अरुंद पडद्यावर भोके पडल्यासारखा दिसतो. डावी कडाच जुळवा. फोन क्रमांक इंग्रजी अंकांत, दाबताच लागेल असा हवा. तो स्वतः दाबून पाहा.

शेवटी ज्याला व्यवसायाची काही माहिती नाही अशा माणसाकडून मुख्य पान मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा, मध्ये बोलून समजावू नका. वाचून झाल्यावर पान बंद करून विचारा: भाडे किती, कुठे उतरायचे, मासे कधी नाहीत. एखादे उत्तर आले नाही तर ते वाक्य पानावर वर न्या.

## टप्पा ८: हंगामाप्रमाणे बदला

गोव्याचे पान वर्षभर तेच राहू शकत नाही. जूनच्या आधी पावसाळी दर चढवा आणि दूधसागरच्या जीप सफरीचा उल्लेख काढा. पावसात ती बंद असते. गणेशचवथीच्या आधी घर किती दिवस बंद ते तारखांसह लिहा, आणि चवथ झाली की ती सूचना काढा. नोव्हेंबरात गणपतीची सूचना दिसली की पाहुण्याला व्यवसायच बंद पडला असे वाटते. पाऊस सरला की हंगामाचे दर, डिसेंबराआधी नाताळचे. माघात देवळाची जत्रा असते, त्या दिवसांत खोली किती आधी सांगावी लागते ते जानेवारीतच द्या. काजूवाल्याने नवा माल आला की त्या वर्षाचा उल्लेख करावा आणि जुना साठा वेगळा, कमी दराने दाखवावा.

दर आणि वेळा यांच्या पानाखाली 'शेवटचा बदल' म्हणून तारीख टाका आणि बदलाच्या वरच्या तारखा घरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. त्यासोबत टप्पा १ची वही फोनजवळच राहू द्या: व्हॉट्सॲपवर एखादा नवा प्रश्न दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारला, तर त्याचे उत्तर त्याच आठवड्यात पानावर चढवा.